हॉफमन, ट्रेव्हर

(१३ ऑक्टोबर १९६७ – ). अमेरिकन बेसबॉलपटू, अखेरच्या डावात चेंडू हाती घेणारे रिलीफ पिचर. जन्म कॅलिफोर्नियातील बेलफ्लॉवर येथे. सहा आठवड्यांचे असतानाच एक मूत्रपिंड काढावे लागल्याने अंगझटीचे खेळ त्यांना वर्ज्य ठरले.

सायप्रस कॉलेजात व पुढे अ‍ॅरिझोना विद्यापीठात ते शॉर्टस्टॉपच्या जागी खेळत, आणि १९८८ च्या हंगामात ०·३७१ च्या सरासरीने विद्यापीठाच्या संघात त्यांनी फलंदाजीचे अग्रस्थान मिळविले. १९८९ मध्ये सिनसिनाटी रेड्सने अकराव्या फेरीत त्यांची निवड केली, तीही शॉर्टस्टॉप म्हणूनच. परंतु महाविद्यालयीन अ‍ॅल्युमिनियमची बॅट जाऊन लाकडी बॅट हाती आल्यावर दुय्यम लीगमध्ये त्यांची सरासरी पुढच्याच वर्षी ०·२१२ वर उतरली, तेव्हा चार्ल्सटन संघाचे व्यवस्थापक जिम लेट यांनी, पहिल्या बेसकडे सुटणाऱ्या त्यांच्या फेकीतील जोर हेरून, त्यांना पिचर करण्याची शिफारस केली. १९९१ मध्ये हा पालट अमलात आला आणि एप्रिल १९९३ मध्ये फ्लॉरिडा मार्लिन्सतर्फे ते मेजर लीगमध्ये दाखल झाले. त्याच जूनमध्ये गॅरी शेफील्ड या लोकप्रिय फलंदाजाच्या बदल्यात त्यांची सॅन डिएगो पॅड्रेसकडे रवानगी झाली. प्रेक्षकांनी आरंभी त्यांची हुर्यो उडविली, हे त्या सौद्याचा तत्कालीन हिशेब पाहता अस्वाभाविक म्हणता येत नाही.

१९९४ च्या बेसबॉलपटूंच्या संपकाळात समुद्रकिनारी खेळताना खांदा दुखावून चेंडूचा वेग कायमचा मंदावला. मात्र डॉनी एलियट या सहकाऱ्याकडून त्यांनी चेंजअप शिकून घेतला होता: चेंडू तळव्यात खोल धरून, अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दाबून, हात मात्र वेगवान चेंडूचाच फिरवावयाचा, म्हणजे फलंदाजाची बॅट चेंडू पोहोचण्यापूर्वीच फिरून जाते. आमच्या मते त्यांची खरी कारकीर्द या सक्तीच्या मंदगतीपासूनच सुरू होते.

निसटती आघाडी अखेरपर्यंत राखणाऱ्या पिचरच्या खाती ‘सेव्ह’ जमा होतो. १९६९ पासून त्याची अधिकृत नोंद होते. १९९८ मध्ये हॉफमन यांनी ५४ संधींपैकी ५३ साधल्या; पण त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीज संघाच्या स्कॉट ब्रोशसने त्यांना तीन धावांचा होमरन मारला व सॅन डिएगोचे अजिंक्यपद हुकले. ५०० व नंतर ६०० सेव्ह गाठणारे ते पहिले पिचर. ६०१ वर थांबलेला त्यांचा उच्चांक २०११ मध्ये मारियानो रिव्हेरा यांनी मोडला. २०१८ मध्ये कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. नॅशनल लीगमधील सर्वोत्तम रिलीफ पिचरचा वार्षिक पुरस्कार २०१४ पासून त्यांच्या नावाने दिला जातो.