दोह्यातला रुपया आणि घरखर्चाची वही

दोह्यात नव्याने आलेलं मराठी कुटुंब भाजीच्या दुकानात लगेच ओळखू येतं. कोथिंबिरीची जुडी हातात धरून मनातल्या मनात गुणाकार चाललेला असतो. "अगं, एवढ्या पैशांत पुण्याला पिशवीभर भाजी आली असती!" या गुणाकारातून आपण सगळेच गेलो आहोत. पण १९६५ साली इथे उतरलेल्या मराठी माणसाला तो करावाच लागला नसता, कारण तेव्हा कतारच्या बाजारात रुपयाच चालत होता.

याचं मूळ मोत्यांच्या धंद्यात. इथले मोती विकायला मुंबईला जात आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड येई. पाणबुड्यांच्या घरी महिन्याचा पगार ही गोष्टच नव्हती. हंगामाआधी नाखवा उचल देई, त्यावर बायकामुलांनी दिवस काढायचे आणि हंगाम संपला की हिशेब. मोती कमी मिळाले तर कर्ज पुढच्या वर्षावर! १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी कृत्रिम मोती यांनी हा धंदा बुडवला. दुखानला १९३९ साली तेल लागलं, पण महायुद्धामुळे निर्यात थेट १९४९ च्या अखेरीस सुरू झाली. तेलाचा पैसा आला तरी हिशेब रुपयांतच राहिला.

पुढे भारत सरकारला घोर लागला तो सोन्याचा. आखातातून चोरटं सोनं भारतात येई, त्याची किंमत म्हणून रुपये इकडे येत आणि ते परत करून भारताकडून परकीय चलन मागितलं जाई. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असे. दहाची नोट लाल होती. ती भारतातल्या दुकानात चालत नसे, मात्र किंमत आपल्या रुपयाइतकीच.

मग आला ६ जून १९६६. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. आखाती रुपयाही त्याबरोबर घसरला. हे घरखर्चाच्या भाषेत मांडून पाहा. बहुतेक सगळं बाहेरून आणणाऱ्या देशात शंभर डॉलरचा माल ४७६ रुपयांऐवजी ७५० रुपयांना पडणार! कतारने हे सोसायचं नाकारलं. काही काळ सौदी रियाल वापरला आणि त्याच वर्षी दुबईबरोबर सामाईक रियाल काढला. त्याची किंमत अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाएवढी ठेवली. म्हणजे आपल्या खिशातला रियाल हा एका अर्थी न घसरलेला जुना रुपयाच आहे. (माझ्या सासूबाईंना हे फार आवडलं.) १९७३ साली दुबई वेगळी झाली आणि कतारचा स्वतःचा रियाल आला.

आपला गुणाकार सुरू झाला तो तिथून. १९६६ साली रियालाचे सुमारे दीड रुपया, १९९१ च्या अवमूल्यनानंतर सातच्या आसपास आणि आज विसाच्या बरंच वर. रुपया पडला की आपण खुशीत असतो आणि एक्स्चेंजपुढे रांगा लागतात. पण त्याने दोह्यातलं घरभाडं कमी होत नाही. रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे आणि इथला घरखर्च रियालातच होतो. २००८ साली इथली महागाई सुमारे पंधरा टक्क्यांवर गेली, तेव्हा भाड्यानेच अनेकांची बचत खाल्ली.

म्हणून आमच्या वहीत आता दोन वेगळी पानं आहेत. भाडं, किराणा, शाळेची बस, पेट्रोल हे सगळं रियालात, आणि त्या पानावर गुणाकाराला बंदी! रुपयांचं पान महिन्यातून एकदाच, घरी पैसे पाठवायच्या दिवशी उघडतं. कोथिंबीर पहिल्या पानावर असते, पण फोनवर सासूबाई अजूनही तिचा भाव रुपयांतच विचारतात.