स्वस्त क्लॅरेटची कुळकथा



मद्याविषयीं एका वृद्ध शाळामास्तरानें बोलावें, हें आपल्यापैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मीं स्वतः तें कधीं चाखलेलें नाहीं, आणि इतरांनीं चाखावें असा उपदेश करण्याचाही माझा हेतु नाहीं. परंतु पस्तीस वर्षांपूर्वीं इंग्रजीच्या तासाला एका मुलानें मला विचारलें, "मास्तर, क्लॅरेट म्हणजे काय?" मीं तत्काळ उत्तर दिलें, "श्रीमंत इंग्रजांचें उंची तांबडें मद्य." पुढें निवृत्तीनंतर इतिहास वाचतांना कळलें कीं, माझें उत्तर अर्धेंच खरें होतें. तें मद्य मुळांत केवळ श्रीमंतांचें नव्हतें. तें श्रीमंतांचें करण्यांत आलें. कोणीं केलें व कसें केलें, हें सांगून त्या मुलाचें जुनें देणें आज फेडावें असें मनांत आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गॅरोन नदीच्या कांठीं बोर्दो हें बंदर आहे. ११५२ सालीं त्या मुलखाची वारस एलिनोर हिनें हेन्री प्लँटॅजेनेट याच्याशीं विवाह केला, आणि दोनच वर्षांनीं हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला. तेव्हांपासून १४५३ पर्यंत, म्हणजे सुमारें तीनशें वर्षें, बोर्दोवर इंग्रज राजाचा अंमल होता. दर शरदांत नव्या मद्याचीं पिंपें भरून गलबतांचे तांडे इंग्लंडकडे निघत. चौदाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं वर्षीं त्या मुलखांतून बाहेर जाणाऱ्या मोठ्या पिंपांची संख्या १ लाखाच्या घरांत जाई, आणि अशा एका पिंपांत सुमारें ९०० लिटर मद्य मावे. एवढा सांठा केवळ सरदार-दरकदारांनीं संपविला असेल, हें संभवत नाहीं. त्याच्या फिकट तांबड्या रंगावरून फ्रेंच लोक त्याला 'क्लेरे' म्हणत; त्याचेंच इंग्रजांनीं 'क्लॅरेट' केलें. त्या काळीं घट्ट बुचाच्या बाटल्या नव्हत्या. पिंपांतलें मद्य वर्षभरांत आंबूं लागे. त्यामुळें नवें तें महाग आणि जुनें तें स्वस्त, असा आजच्या उलट न्याय होता.

ही स्थिति पालटली ती राजकारणामुळें. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड व फ्रान्स यांच्यांत दीर्घ युद्धें जुंपलीं. फ्रेंच मालावर कधीं बंदी, तर कधीं भारी जकात बसूं लागली. १७०३ सालीं इंग्लंडनें पोर्तुगालशीं मेथ्यूएन तह केला. पोर्तुगालनें इंग्रजी लोकरी कापड घ्यावें, आणि त्याच्या मद्यावरील जकात फ्रेंच मद्यावरील जकातीच्या दोन तृतीयांशांहून कधींही अधिक नसावी, असा तो करार होता.

आतां येथें थोडें अंकगणित करूं. ही जकात किंमतीवर नव्हती, मापावर होती. समजा, एका पिंपाची मूळ किंमत १० रुपये व दुसऱ्याची १०० रुपये आहे, आणि दोहोंवर सारखीच ५० रुपये जकात आहे. पहिलें पिंप ६० रुपयांस पडेल, म्हणजे सहापट. दुसरें १५० रुपयांस, म्हणजे अवघें दीडपट. मग व्यापारी बोर्दोहून कोणतें पिंप आणील? अर्थात् दुसरेंच. साधें क्लॅरेट इंग्लंडच्या बाजारांतून अशा रीतीनें हटलें, आणि धनिकांचें तेवढें उरलें. मीं वर्गांत जें उत्तर दिलें होतें, तें या जकातीनें घडविलेलें होतें.

मध्यमवर्गाच्या मेजावर पोर्तुगालचें पोर्ट आलें. मागणी वाढली, तशी लबाडीही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून त्यांत एल्डर नांवाच्या झुडुपाच्या काळ्या फळांचा रस मिसळूं लागले. तेव्हां १७५६ सालीं पोर्तुगालचा मंत्री, जो पुढें मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानें दौरो नदीच्या खोऱ्यांतील मद्याच्या कारभारासाठीं कंपनी स्थापिली, द्राक्षमळ्यांची हद्द आंखविली आणि तीं झुडुपें उपटण्याचा हुकूम सोडला. ग्राहकास स्वस्त माल हवा असतो, हें खरें. पण तो खरा असल्याची हमीही त्याला हवी असते, हें त्या कारभाऱ्यानें ओळखलें.

सुमारें दीडशें वर्षांनीं पुन्हा पालट झाला. १८६० सालीं रिचर्ड कॉब्डेन व मिशेल शेवालिए यांच्या खटपटीनें इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करार झाला. त्या वेळीं अर्थमंत्री होते ग्लॅडस्टन. गॅलनमागें पावणेसहा शिलिंगांच्या आसपास असलेली जकात त्यांनीं प्रथम ३ शिलिंगांवर आणिली, आणि पुढें दोन वर्षांच्या आंत सौम्य मद्यावर ती केवळ १ शिलिंग उरली. एका गॅलनाच्या सहा बाटल्या होतात. म्हणजे बाटलीमागें जवळजवळ १ शिलिंग असलेली जकात २ पेन्सांवर आली. शिवाय ती मद्याच्या तीव्रतेप्रमाणें ठरूं लागली. जेवणासोबत सौम्य मद्य मिळूं लागलें तर लोक कडक दारूकडे कमी वळतील, असें त्यांचें म्हणणें होतें. खाणावळींना मद्य विकण्याची परवानगी मिळाली. १८६१ पासून किराणा दुकानदारासही एकेक बाटली विकतां येऊं लागली. गिल्बी बंधूंच्या पेढीनें या दुकानदारांमार्फत गांवोगांवीं माल पोंचविला. उच्चभ्रू लोक त्याला 'ग्लॅडस्टन क्लॅरेट' म्हणून हिणवीत. पण ज्या कारकुनाच्या घरीं ती बाटली प्रथमच आली, त्याला त्या टवाळीचें काय होय?

सुखाचे दिवस मात्र फार टिकले नाहींत. फायलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्सचे मळे उजाड केले. द्राक्षांचा दुष्काळ पडतांच वाळलेल्या मनुका, साखर आणि पाणी यांचें मद्य बाजारांत आलें. अखेर १८८९ सालीं फ्रान्सला कायद्यानें सांगावें लागलें कीं, ताज्या द्राक्षांच्या रसापासून होतें तेंच मद्य. तरीही लबाडी थांबली नाहीं. १९०७ सालीं दक्षिण फ्रान्सचे मळेवाले लाखोंनीं रस्त्यावर उतरले. खोट्या स्वस्ताईनें ग्राहक फसला होता, तसा खरा शेतकरीही बुडाला होता. नार्बोन शहरीं सैन्याच्या गोळीबारांत माणसें पडलीं, तेव्हां कोठें कडक कायदा झाला.

आणि गंमत पाहा. २०२३ च्या ऑगस्टांत ब्रिटननें मद्यावरील कराची फेररचना केली, आणि द्राक्षमद्याचा कर पुन्हा त्याच्या तीव्रतेवर बसविला. ग्लॅडस्टनची युक्ति जणूं परत आली. परंतु बाटलीच्या किंमतीशीं त्या कराचा आजही संबंध नाहीं. त्यामुळें तेथील अत्यंत स्वस्त बाटलींत ग्राहकाचा बहुतेक पैसा कर, कांच व वाहतूक यांतच जातो. जरा वरच्या किंमतीच्या बाटलींत प्रत्यक्ष मद्याचा वांटा एकदम वाढतो. काटकसरी ग्राहकानें सर्वांत स्वस्त बाटली टाळून तिच्या किंचित् वरची, आणि तीही प्रसिद्ध नांवाच्या शेजारच्या अप्रसिद्ध गांवची घ्यावी, या सल्ल्याचें मर्म तीनशें वर्षांपूर्वींच्या त्या दोन पिंपांच्या गणितांत आहे.

माझा तो विद्यार्थी आतां पन्नाशीच्या आसपास असेल. तो आज ऐकत असेल तर त्याला एवढेंच सांगतों : बाळ, त्या दिवशीं मीं तुला क्लॅरेटची किंमत सांगितली; ती किंमत कोणीं ठरविली, हें सांगावयाचें राहून गेलें होतें.