गाविलगड कोणाचा?

चिखलदऱ्याला सहलीला येणारी मंडळी गाविलगडाला एक 'पॉइंट' समजतात. दरवाजापाशी फोटो निघतात आणि गाडी पुढच्या पॉइंटकडे वळते. आम्हा वऱ्हाडकरांनाही हा किल्ला तुकड्यांतच ठाऊक. कोणी म्हणते मुसलमान बादशहांचा, कोणी म्हणते गवळ्यांचा.

नाव गवळ्यांवरून पडले, अशी परंपरा आहे. दगडी किल्ला मात्र बहामनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ च्या सुमारास बांधला. आम्हाला अधिक ओढ वाटते ती फतेहुल्ला इमाद-उल-मुल्कची. फरिश्ता सांगतो, हा मूळचा विजयनगरकडील कानडी हिंदू घराण्यातला. लहानपणी युद्धात कैद होऊन आला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहानच्या पदरी वाढला. १४८८ मध्ये त्याने गडाची डागडुजी केली आणि १४९० च्या सुमारास इमादशाही स्थापन केली. गडाच्या दरवाजावर सिंह आहेत, आणि हत्तींना पकडणारा दोन तोंडांचा गंडभेरुंडही. हा पक्षी विजयनगरच्या नाण्यांवर आढळतो. कलमा पढलेल्या या माणसाने जन्मभूमीची खूण दरवाजावर का कोरून घेतली असेल? तिची त्याला लाज वाटत नव्हती, एवढे तरी आम्हाला त्यातून दिसते.

१५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळली. पुढे मोगल आले. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त या गडाच्या मजबुतीची वाखाणणी केली आहे. इथल्या झऱ्यावर पोलादी हत्यारांना पाणी देतात, अशीही नोंद त्याने केली. आत तलाव आहेत आणि सात कमानींची बडी मशीद आहे. तिचे काही घुमट ढासळले आहेत, पण कोपऱ्यातल्या छत्रीची नाजूक जाळी पाहिली की कारागिराच्या हातांची आठवण होते. त्याचे नाव कुठेच नाही.

अठराव्या शतकात गड नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८०३ मध्ये अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली इथे आला. त्याने दक्षिणेकडून हूल दिली. कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून तोफा ओढत आणून उत्तरेचा तट फोडला. १५ डिसेंबरला गोरी फौज आत शिरली. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत दरवाजापाशी लढता लढता पडला. बहामनी सुलतानाने बांधलेल्या, कानडी मुळाच्या मुसलमानाने सजवलेल्या गडासाठी मराठ्यांच्या चाकरीतला राजपूत मेला! दोनच दिवसांनी, १७ तारखेला, भोसल्यांनी देवगावचा तह केला.

पडझडीचा सगळा दोष ऊनपावसाला देऊ नये. १८५८ मध्ये तात्या टोपे गडाचा आसरा घेतील, या धास्तीने इंग्रजांनी तटबंदी मुद्दाम निकामी केली. उरलेल्या भिंतींत आता झाडांची मुळे शिरली आहेत. चुन्याची पकड सुटत चालली आहे. बडी मशीद अजून उभी आहे.