दर दोन तासांनी कूस
पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले सैनिक बहुधा थोड्याच काळात दगावत. जीव घेत ते बेडसोर आणि लघवीचा संसर्ग. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी दंडक घातला: कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या नवऱ्यासाठी, ह्यांच्यासाठी, मी आज तेच करते. चादरीला सुरकुती नको, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी, माकडहाडाशी लाली आलीय का ते टॉर्च लावून बघायचं. औषधाइतकंच हे मोलाचं, असं मी ठामपणे म्हणेन.

१९४८ मध्ये गुटमान यांनी व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली; तिथूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ साली हायडेलबर्गला आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या जवानानं, पोहण्यात सुवर्ण जिंकलं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मला आधी गॅलरीत तरी ने." दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून गॅलरीच्या दाराचा उंबरा काढून घेतला.