धुराचा धनी कोण?

१९४३ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर असा धूर उतरला की, भर दिवसा तीन चौकांपलीकडचे दिसेना. डोळे चुरचुरू लागले. लोकांनी गुन्हेगार तात्काळ ठरविला : कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणारा गावातील कारखाना. तो काही काळ बंद झाला. धूर मात्र गेला नाही. श्रोतेहो, पुराव्यावाचून कारखान्याला टाळे लागले की पहिला उपवास कोणाला घडतो, हे माझ्यासारख्या युनियनवाल्याने सांगावयास नको.

पुरावा आणला तो हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने. अननसाच्या स्वादाचा शोध घेणाऱ्या या गृहस्थाने तीच रीत शहराच्या हवेला लावली. मोटारींतून व तेलशुद्धीच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या तेलाच्या वाफा नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी उन्हात मिळतात, त्यातून ओझोन व सेंद्रिय कणांचे धुके बनते, असे त्याने १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखविले. म्हणजे चोर ज्याच्या त्याच्या दारात उभा होता! तेलवाल्यांना हे रुचले नाही, हे ओघानेच आले.

पुढे त्याच्याच कॅलटेक संस्थेत ग्लेन कास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कणांची झाडाझडती घेतली. लाकूड जळाले की सेल्युलोजापासून लेव्होग्लुकोसान बनते; मोटारीच्या वंगणातील होपेन धुरातही टिकतात; मांस भाजले की कोलेस्टेरॉल हवेत जाते. गाळणीवरील काळपट थरातून या खुणा वेचून कोणाचा वाटा किती, हे मांडता येऊ लागले. त्या हिशेबात खाणावळीची भट्टीही निघाली.