‘लिहिले’ या शब्दाचे तारण
रेड कंट्रोलरमधील बॅटरीचा आणि ती बदलण्याच्या रीतीचा इतिहास

कोणत्याही दप्तराच्या इतिहासात सर्वांत धोक्याची घटका कोणती, असा प्रश्न केला असता आग, पूर किंवा वाळवी अशी उत्तरे बहुधा मिळतात. ती खोटी नव्हेत. परंतु त्याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. लेख एका ठिकाणाहून निघाला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी अद्याप पोचलेला नाही, ही ती घटका होय. 1763 मध्ये निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले व जाळले, त्या वेळी सिंहगडाच्या पायथ्याशी मराठ्यांच्या इतिहासाची हस्तलिखिते व राज्याचे कागद नष्ट झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. संरक्षणासाठी हलविलेले दप्तर गडाच्या तटाआड पोचण्यापूर्वीच गेले. आधुनिक गणकयंत्रातील एका लहानशा बॅटरीचा इतिहास हा याच घटकेला दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

पेशवाईतील हिशेबाची रीत येथे उपयोगी पडते. व्यवहार प्रथम खर्ड्यात उतरे, तेथून तो रोजकीर्दीत जाई आणि पुढे खात्याप्रमाणे खतावणीत मांडला जाई. घाईचे लेखन आणि व्यवस्थेचे लेखन ही दोन भिन्न कामे आहेत, हे कारकुनांनी अनुभवाने ओळखले होते. खर्डा आणि खतावणी यांच्या दरम्यान काही काळ जाई; परंतु तेवढ्या काळात खर्ड्याचा कागद आपोआप कोरा होत नसे. गणकयंत्राच्या बाबतीत नेमकी हीच अडचण पुढे उत्पन्न झाली.

ती प्रारंभापासून मात्र नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या आणि 1962 मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या गणकयंत्राची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. कड्यातील चुंबकत्वाची दिशा हाच लेख असल्याने वीज गेली तरी तो पुसला जात नसे. 1970 नंतर अर्धवाहक स्मृती आली. ती स्वस्त, लहान व वेगवान होती. पण तीत प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने राहतो व तो भार सतत गळत असतो. यास्तव साधारणतः दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक अंक पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की स्मृती संपली. वेगाच्या मोबदल्यात लेखाचे स्थैर्य गहाण पडले, असे म्हणता येईल.

या पार्श्वभूमीवर 1988 हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक विश्वासार्ह संचय उभारण्याची ‘रेड’ ही कल्पना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली व 1991 मध्ये तिने ‘परम 8000’ हे महासंगणक सिद्ध केले. गणेशखिंडीच्या विद्यापीठ-आवारात पुढे आयुका व राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र यांसारख्या संस्थाही वाढल्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु गणनाची भूक वाढली की संचयाची भूक वाढते, आणि खोडदच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाची निरीक्षणे कोठे तरी लिहून ठेवावीच लागतात, हे उघड आहे.

रेडच्या पाचव्या प्रकारात लहानसा मजकूर बदलावयाचा झाल्यास चार क्रिया घडतात : जुना मजकूर वाचणे, जुना ताळा वाचणे, नवा मजकूर लिहिणे व नवा ताळा लिहिणे. मिनिटास 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हा विलंब चौपट कामात असह्य होतो. म्हणून कंट्रोलरवर अर्धवाहक स्मृतीचा एक भाग, अर्थात कॅश, ठेवण्यात आला. मजकूर तेथे उतरताच कंट्रोलर सर्व्हरला ‘लिहिले’ असे कळवितो आणि डिस्कवर तो सवडीने उतरवितो.

भाषेच्या अभ्यासकाने या ‘लिहिले’पाशी थांबले पाहिजे. मराठीत हाक मारली असता माजघरातून ‘आलो, आलो’ असे उत्तर येते. बोलणारा अजून उंबऱ्यापाशीही आलेला नसतो. रूप भूतकाळाचे, अर्थ नजीकच्या भविष्याचा. ऐकणारा फसत नाही, कारण बोलणाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. कंट्रोलरचे ‘लिहिले’ हे याच जातीचे आहे. भेद इतकाच की सर्व्हर त्याचा अर्थ अक्षरशः घेतो आणि त्या आधारावर आपल्याजवळची प्रत टाकून देतो. मध्येच वीज गेली तर ते विधान खोटे ठरते, आणि ते खोटे ठरल्याचे सांगणारा कोणीही उरत नाही.

या विधानामागे तारण म्हणून बॅटरी आली. ती सर्व्हर चालू ठेवीत नाही. ते काम यूपीएसचे. ती केवळ कॅशमधील स्मृती जागी ठेवते, बहुधा एक ते तीन दिवस. वीज परतली की राहिलेला मजकूर डिस्कवर उतरतो. आरंभी निकेलच्या व पुढे लिथियम-आयन बॅटऱ्या वापरात आल्या. दुसऱ्या प्रकाराचे व्यापारी उत्पादन 1991 मध्ये सोनीने सुरू केले. 2006 मध्ये भारनियमनावर तोडगा म्हणून पुण्यातील उद्योगांनी स्वतःच्या जनित्रांवर भार घेण्याची योजना अमलात आली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तारणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु तारण स्वतःच झिजते. उष्णतेने व वयाने बॅटरीची धारणशक्ती उतरते. काही वर्षांत ती बदलावी लागते. म्हणून कंट्रोलर ठरावीक काळाने तिला रिकामी करून पुन्हा भरतो आणि तिची शक्ती मोजतो. बॅटरी अपुरी ठरल्यास तो मजकूर थेट डिस्कवर उतरल्याशिवाय ‘लिहिले’ म्हणत नाही. यंत्र मंदावते, पण खरे बोलते. बदलण्याची रीतही याच तत्त्वावर बसविलेली आहे. प्रथम थेट लेखनाची पद्धत स्वीकारावयाची. कॅशमधील सर्व मजकूर डिस्कवर उतरल्याची खात्री करावयाची. नंतर सर्व्हर रीतसर बंद करून विजेपासून सोडवावयाचा. अंगावरील स्थिर विद्युत् जमिनीत जाईल अशी तजवीज करून जुनी बॅटरी काढावयाची व नवी जोडावयाची. नवी बॅटरी पूर्ण भरून तपासली गेल्यावरच जुनी वेगवान पद्धत पुन्हा सुरू करावयाची. फुगलेली बॅटरी दाबू वा टोचू नये, हेही त्यातच येते. या क्रमातील दुसरी पायरी गाळली, तर सिंहगडाच्या पायथ्याची घटका पुन्हा येते : कागद वाटेत आणि रक्षक काढून घेतलेला.

अनेक कंट्रोलरांत, बॅटरी निकामी असतानाही वेगवान पद्धत चालू ठेवण्याची सोय असते. कामाच्या दडपणाखाली ती वापरण्याचा मोह होतो, व वीज न गेल्यास काही बिघडतही नाही. अडचण अशी की तारणाशिवाय दिलेला शब्द आणि तारणासह दिलेला शब्द बाहेरून सारखेच दिसतात. भेद कळतो तो नुकसानीच्या दिवशी.

2010 च्या सुमारास या व्यवस्थेला नवे वळण मिळाले. बॅटरीच्या जागी महाधारित्र व त्याच्या जोडीला फ्लॅश स्मृती येऊ लागली. वीज जाताच महाधारित्रातील शक्ती थोडा वेळ पुरते व तेवढ्यात कॅशमधील मजकूर फ्लॅशवर उतरतो. तेथे तो विजेवाचून टिकतो. अनेक दिवस पहारा देण्याऐवजी क्षणार्धात लेख सुरक्षित जागी हलविणे, असा हा बदल आहे. तथापि महाधारित्रही कालांतराने क्षीण होते, व त्याचीही तपासणी करावीच लागते.

यावरून इतके निश्चित म्हणता येते की, फेराइटच्या कड्यांत लेख व त्याचे स्थैर्य एकजीव होते. अर्धवाहक स्मृतीने त्यांची फारकत केली. आणि त्यानंतरचा इतिहास हा ती फारकत सांधण्याचा आहे. बॅटरी बदलणारा तंत्रज्ञ दप्तराच्या कारकुनाचाच वारस ठरतो. पूर्ण होण्यापूर्वी उच्चारलेला भूतकाळ खरा करून दाखविणे, हे दोघांचेही काम होय.