१३ मार्च १७८१ : युरेनसचा शोध

इंग्लंडमधील बाथ येथे राहणारे, व्यवसायाने संगीतकार असलेले विल्यम हर्शेल यांना स्वतः घडवलेल्या परावर्ती, म्हणजे आरशाने प्रकाश एकवटणाऱ्या, दुर्बिणीतून वृषभ राशीत एक ज्योती दिसली, जी ताऱ्याप्रमाणे बिंदुवत नसून इवल्याशा तबकडीसारखी होती. प्रारंभी त्यांनी तिला धूमकेतू मानले; परंतु तिची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असून शनीच्याही पलीकडे आहे, असे गणिताने दिसून आल्यावर तो ग्रह असल्याचे मान्य झाले. दुर्बिणीने शोधलेला हा पहिला ग्रह सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सुमारे ८४ वर्षांत पूर्ण करतो. इंग्रज खगोलज्ञ जॉन फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्येच त्याची नोंद तारा म्हणून केली होती. त्याचे वेगळेपण मात्र हर्शेल यांच्या चिकित्सक नजरेनेच हेरले.